एका वेळी किती जण?

होस्टिंग कंपनीची ईमेल आली तेव्हा मी एका दातांच्या डॉक्टरणीच्या वेबसाइटवर दातांचे फोटो चढवत बसले होते. आधीचे दात, नंतरचे दात. त्यात ही ईमेल, आणि भाषा इतकी गुळगुळीत की पहिल्या ओळीलाच कळलं, पुढे काहीतरी वाईट वाढून ठेवलंय. 'आपले ॲप्लिकेशन सामाईक सर्व्हरवरील इतर ग्राहकांच्या वाट्याची साधने वापरत असल्याचे आढळून आले आहे. महिनाअखेरपर्यंत ते योग्य त्या ठिकाणी हलवावे, अन्यथा नाइलाजाने बंद करण्यात येईल.'

"नाइलाजाने म्हणे! बंद करून तर दाखवा, मेल्यांनो," मी मोठ्यांदा म्हणाले. ऐकायला घरात कोणी नव्हतं. मी एकटी राहते, एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत. खालची यंत्रं फिरायला लागली की माझ्या टेबलावरचा कप बशीत नाचायला लागतो. बोलायची सवय मोडू नये म्हणून मी अधूनमधून कंपन्यांशी भांडते, एवढंच.

पण या वेळी भांडून भागणार नव्हतं. त्या ॲपमध्ये माझ्या दादाचा आवाज होता.

दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ, माझ्याहून बराच मोठा. सगळा जन्म त्याने बस स्थानकावर अनाउन्सर म्हणून काढला. कुठली बस कुठल्या फलाटावर लागली, कुठली रखडली, कोणाचं पोर हरवून चौकशीच्या खिडकीशी रडत बसलंय, सगळं तो माइकवरून सांगायचा. वहिनी गेली, मग तो निवृत्त झाला, आणि मागच्या वर्षी त्याच्या घशात गाठ निघाली. गाठीबरोबर डॉक्टरांनी स्वरयंत्रही काढलं. जीव वाचला, आवाज गेला. लोक म्हणाले, नशीब समजा. समजलो आम्ही.

मी वेबसाइटी बनवून पोट भरते. केस कापणारे, केक करणारे, गाडी शिकवणारे, सगळ्यांच्या. दादासाठी दुसरं काही करता येईना, तेव्हा मी हे केलं. स्थानकाच्या कार्यालयात त्याच्या जुन्या घोषणांच्या फायली पडून होत्या, त्या मागून आणल्या, आणि त्यांवरून एक प्रोग्राम तयार केला. दादा फोनवर वाक्य टाइप करतो, ते माझ्या सर्व्हरवर येतं, तिथे त्याचं त्याच्या आवाजात बोलणं होतं आणि फोनमधून बाहेर पडतं. एक श्वास घ्यावा, इतक्यात. आता या एका श्वासासाठी सर्व्हरला घाम फुटतो हे मला माहीत होतं. तरी मी तो प्रोग्राम केकवाल्या आणि दातवालीच्या साइटींच्या मधे गुपचूप कोंबून ठेवला होता. कधीतरी पकडली जाणारच होते.

एक सांगायला हवं. आवाज हुबेहूब दादाचाच, पण मशीन शिकलं ते घोषणांवरून. त्यामुळे ते सगळंच घोषणेसारखं बोलतं. 'चहात साखर कमी' असं टाइप केलं तरी ऐकणाऱ्याला वाटावं, साखर फलाट बदलून येतेय. मी हसायचे. दादाही पहिल्यांदा हसला होता, निदान त्याचे खांदे तरी हलले होते.

आणि तो आवाज तो माझ्याशी कधी वापरत नाही. दर रविवारी मी फोन करते, मी बोलते, तो ऐकतो. मग मेसेज येतो, 'ठीक.' मी म्हणते, अरे, मशीनने बोल ना, एवढं केलंय ते कशासाठी? मेसेज येतो, 'राहू दे.' फक्त सर्व्हर पडला की तो स्वतःहून लिहितो. 'आवाज गेला. बघ जरा.' वर्षभरात त्याने मला लिहिलेलं सगळ्यात लांब काही असेल तर हेच. खोटं कशाला बोलू, कधीकधी मला वाटायचं, पडू दे की सर्व्हर.

तर नवीन जागा शोधणं आलं. मी एका दुसऱ्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. बरंच संगीत ऐकवून झाल्यावर एक मदतवाला फोनवर आला. आवाजावरून तरुण, आणि दिवसभर शिव्या खाऊन पिचलेला.

"काय चालवायचंय, मॅडम?"

मी सांगितलं. मेमरी किती लागते, प्रोसेसर किती लागतो, सगळं. तो लिहून घेत होता, कीबोर्डचा आवाज येत होता.

"छान. मोठं ॲप आहे. एका वेळी साधारण किती जण वापरतात?"

"एक."

"एक हजार?"

"एक."

"अच्छा, म्हणजे सध्या टेस्टिंग चालू आहे."

"टेस्टिंग नाही हो. एकच माणूस आहे. माझा भाऊ."

कीबोर्डचा आवाज थांबला. "मॅडम, एका माणसासाठी एवढी मेमरी?"

"तो माणूसच तसा आहे," मी म्हणाले. तो हसला, आणि मग मात्र नीट बोलायला लागला. पढवलेलं बाजूला ठेवून माणूस बोलायला लागला की कळतं.

त्याने मला तीन वाटा सांगितल्या. सामाईक सर्व्हर म्हणजे एका नळावर सगळी बिऱ्हाडं. तो तर तुम्ही सोडाच, म्हणाला, तिथून तुम्हाला हाकलतीलच. दुसरी वाट म्हणजे आपला स्वतंत्र सर्व्हर. त्यातली मेमरी आपली, प्रोसेसर आपला, कोणाला वाटा द्यायचा नाही, आणि तो कायम जागा. बोलणं आलं की लगेच काम. पण बोलणारा एकच असला तर तो बहुतेक वेळ नुसता बसून राहणार, आणि भाडं मात्र चालू राहणार, शिवाय वर्षाचा करार. तिसरी वाट झोपणाऱ्या सर्व्हरची. कोणी हाक मारली की तो उठतो, काम करतो, आणि बराच वेळ कोणी आलं नाही की परत झोपतो.

"उठायला किती वेळ लागतो?"

"तुमच्या ॲपचं ओझं बघता, अर्धा मिनिट धरा."

"अर्धा मिनिट? कोणी त्याला हाक मारली आणि त्याने अर्धा मिनिट उत्तरच दिलं नाही, तर समोरचा थांबेल का?"

"अर्धा मिनिट काही फार नाही, मॅडम."

"बरं. आता तुम्ही एक शब्द बोलू नका. मी बघते."

तो खरंच गप्प झाला. मीही. त्याच्या मागे दुसरी माणसं दुसऱ्या फोनांवर बोलत होती. माझ्याकडे खाली यंत्र कपडे पिळत होतं. मला वाटलं फोन कट झाला, आणि माझ्या तोंडून गेलंच, "हॅलो? आहात का?"

"आहे," तो म्हणाला. "खरंय. थांबवत नाही."

"बघा ना."

"मग मॅडम, सगळं एकाच गोष्टीवर आहे. तुमचे भाऊ सारखं बोलतात की मधूनमधून? सारखं बोलत असतील तर स्वतंत्र घ्या. मधूनमधून बोलत असतील तर एवढा मोठा सर्व्हर जागा ठेवण्यात काही अर्थ नाही. त्यांना विचारून घ्या."

इतका साधा प्रश्न, आणि मला उत्तर येत नव्हतं. माझा भाऊ दिवसात किती बोलतो? कोणाशी बोलतो? मी त्याला मेसेज केला. उत्तर आलं, 'गरजेपुरतं.' धन्य आहे. मी विचारलं, गरज म्हणजे किती? उत्तर नाही.

तेव्हा मी आलेख उघडला. दादा काय बोलतो ते मला दिसत नाही, तशी सोय मीच केलीय. बोलून झालं की लिहिलेलं पुसलं जातं. भावाचं बोलणं चोरून ऐकण्याइतकी मी घसरलेले नाही. पण सर्व्हरवर केव्हा किती भार पडला, ते दिसतं. सकाळ सपाट. संध्याकाळ सपाट, मधे एखादी टेकडी, ती दुकानात जाण्याची असावी. आणि रोज दुपारी, जेवणानंतर, हा एवढा डोंगर! चहाच्या वेळेपर्यंत अखंड. एकही दिवस खाडा नाही. सगळ्या कटकटीचं मूळ तेच होतं, केकवाल्याची साइट त्या डोंगराखालीच चिरडत होती.

मी आलेखाकडे बघत बसले. म्हणजे दादा बोलत होता. रोज, तासन्‌तास, कोणाशी तरी भरभरून बोलत होता. आणि रविवारी मला 'ठीक'.

मला राग आला. सरळ सांगते, मत्सर वाटला. कोण असेल? भाचा, म्हणजे दादाचा मुलगा, असेल म्हणावं तर तो आपल्या नोकरीच्या गावी, दुपारी त्याला मान वर करायला फुरसत नसते. स्थानकावरचा जुना कोणी? एखादी बाई? असू दे की बाई, मला काय, चांगलंच आहे. पण मग मला सांगायला काय झालं होतं? आम्ही भावंडं दोघंच तर उरलोय. त्या डोंगराचं ओझं वर्षभर मी वाहतेय, रात्री-अपरात्री प्रोग्राम दुरुस्त करतेय, आणि माझ्या वाट्याला एक वाक्य नाही.

दोन-चार दिवस धुसफुसत काढले. मग ठरवलं, जाऊनच बघायचं. निमित्त होतंच: नवीन सर्व्हर घ्यायच्या आधी दादाच्या घरचं इंटरनेट कसं आहे, ते तपासायला नको का? न कळवता गेले. कळवलं असतं तर म्हणाला असता, राहू दे.

बसने अर्धा दिवस लागतो. उतरले त्या स्थानकावर आता रेकॉर्ड केलेल्या बाईचा आवाज येतो, सगळीकडे येतो तोच. दादाची गल्ली तिथून जवळ. एका बाजूला गॅरेज, दुसऱ्या बाजूला बंद पडलेलं फोटोचं दुकान, मधे त्याचं तळमजल्यावरचं घर. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दार नुसतं लोटलेलं होतं आणि आतून दादाचा, म्हणजे मशीनचा, आवाज येत होता.

"टोपी," मशीन म्हणालं. अगदी ऐटीत, टोपी फलाटाला लागल्यासारखी.

मग एक विचित्र आवाज आला. मोरीत पाणी अडून एकदम उतरावं तसा. त्यात कुठेतरी 'टो' आणि कुठेतरी 'पी'.

"टोपी," मशीन परत म्हणालं. परत तो आवाज.

"काका." परत.

मी दाराशी उभी, हातात पिशवी, आणि डोक्यात काय यावं? पोपट! दादाने पोपट पाळलाय आणि त्याला बोलायला शिकवतोय. खरं सांगते, मला हायसं वाटलं. म्हटलं, एवढंच ना? पोपटच ना? आणि लगेच पोपटाचाही राग आला. त्या पाखराशी रोज दुपारभर बोलायला याला वेळ आहे!

मी दार ढकललं.

पोपट नव्हता. दादा वहिनीच्या आरशासमोर स्टुलावर बसला होता. फोन आरशाला टेकवून ठेवलेला. एक हात पोटावर, चेहरा लालबुंद, मानेवर घाम. त्याने तोंड मिटून हवा गिळली, खांदे वर गेले, आणि पोटातून कुठूनतरी ओढून काढल्यासारखा तो आवाज त्याच्या तोंडातून आला. "काका."

मग त्याला आरशात मी दिसले.

त्याने फोन उचलला आणि इतक्या जोरात टाइप केलं की मला वाटलं काच फुटते. "न कळवता यायची ही कुठली पद्धत?" मशीन म्हणालं. घोषणेच्या सुरात रागही येत नाही नीट. मला हसू आलं आणि रडू आलं, दोन्ही एकदम, आणि मी पिशवी तिथेच ठेवून खाली बसले.

त्याने पाणी आणून दिलं. मग हळूहळू सांगितलं. इस्पितळात बोलायला शिकवणारी एक बाई आहे. स्वरयंत्र नसलं तरी बोलता येतं, ती म्हणाली. हवा गिळायची, ढेकर देतो तशी परत आणायची, आणि ती जाता जाता तिचे शब्द करायचे. क, ट, प ही अक्षरं आधी येतात. म आणि न फार छळतात. एकच शब्द शंभरदा म्हणायचा. आपला जुना आवाज ऐकायचा आणि त्यामागून म्हणायचं.

"म्हणजे तू दुपारभर हे करतोस?"

त्याने होकाराची मान डोलावली.

"कोणाशी बोलत नाहीस?"

"कोणाशी बोलू?" मशीन म्हणालं.

भिंतीवर वहिनीच्या फोटोशेजारी त्याचा स्थानकावरचा फोटो होता, माइकसमोरचा. मी तिकडे बघत राहिले.

"मला का नाही सांगितलंस?"

या वेळी तो बराच वेळ टाइप करत होता. खोडत होता, परत लिहीत होता. "तू माझ्यासाठी एवढं मशीन केलंस. हे शिकतोय म्हटल्यावर तुला वाटलं असतं, मला ते नको आहे."

"मला कशाला काही वाटेल?" मी म्हणाले.

वाटलं. अगदी झोंबलं. माझ्या भावाला पुन्हा बोलता येणार होतं, मला नाचायला हवं होतं, आणि माझ्या मनात आलं काय, तर आता हा मला 'आवाज गेला, बघ जरा' असंही लिहिणार नाही. वर्षभर मी त्याच्या आवाजाची मालकीण होते. माझ्याशिवाय त्याचं पान हलत नव्हतं. आता मी पुन्हा रविवारची बहीण. इतकं क्षुद्र मन आपलं असू शकतं, हे त्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसून मला कळलं.

"पण मग माझ्याशी फोनवर तरी का नाही बोलत मशीनने?" मी विचारलं. "तेवढ्याने काय बिघडतं?"

"तो ड्यूटीवरचा आवाज आहे," मशीन म्हणालं. "घरात मी असा बोलायचो का?"

नव्हता बोलत. घरात तो हळू बोलायचा, नाकात थोडंसं, चिडवायचा, वाक्य अर्धं सोडून हसायचा. लहानपणी मी रुसून बसले की कानाशी येऊन काहीतरी पुटपुटायचा आणि माझा रुसवा जायचा. तो आवाज कोणी रेकॉर्ड केला नाही. कोण करतं? मी त्याला त्याचा आवाज दिला दिला म्हणून मिरवत होते, आणि दिला होता तो माइकवरचा.

"बरं, मला वाक्य म्हणून दाखव एखादं."

त्याने जोरात नकाराची मान हलवली. "वाक्य अजून येत नाही. आल्यावर."

मग आम्ही चहा घेतला. मी इंटरनेट तपासलं, ते चांगलं होतं. निघताना तो बसपर्यंत आला, श्वासासाठी डॉक्टरांनी गळ्याला ठेवलेल्या भोकावर रुमाल बांधून. बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला. मी सूचना देत राहिले, हे खा, ते खाऊ नको, आणि तो हातानेच 'जा आता' म्हणत राहिला.

घरी येऊन मी मदतवाल्याला फोन केला. नशिबाने तोच भेटला.

"कळलं का, मॅडम? सारखं बोलतात की मधूनमधून?"

"मधूनमधून. फार कमी. आणि दुपारचा जो भार आहे तो बोलण्याचा नाहीच. तेच तेच शब्द परत परत ऐकतोय तो."

"तेच शब्द? मग ते दर वेळी सर्व्हरवर कशाला बनवता? एकदा बनवून त्यांच्या फोनमध्येच ठेवा की. सर्व्हरला त्रास नाही."

इतकं सोपं होतं. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, मला सुचू नये? सुचलं नाही, कारण मी धरून चालले होते की तो कोणाशी तरी बोलतोय. बोलणं थोडंच कोणी साठवून ठेवतं.

"मग काय देऊ?" मदतवाल्याने विचारलं.

मी दोन्ही भाडी कागदावर शेजारी शेजारी लिहिली. या वेळी त्याने वाट पाहिली.

स्वतंत्र सर्व्हर घ्यायची मला फार इच्छा होती. कायम जागा, वर्षाचा करार. आणखी वर्षभर त्या आवाजाची मी मालकीण. दादाने मागितला नसता, तरी मी घेतला असता आणि वर म्हणाले असते, तुझ्यासाठीच घेतलाय. पण त्या आरशासमोर घामाने भिजलेला त्याचा चेहरा डोळ्यांपुढून जाईना.

"झोपणारा द्या," मी म्हणाले. "महिन्या-महिन्याच्या बोलीवर."

शब्द दादाच्या फोनमध्ये गेले. ॲप नव्या जागी गेलं. केकवाल्याची साइट लगेच पळायला लागली, त्याने मला शाबासकी दिली, मेल्याला काय माहीत. आणि आलेख सपाट झाला. दुपारचा डोंगर नाहीसा. मी तरी रोज दुपारी उघडून बघायचे. सर्व्हर झोपलेला असायचा. पूर्वी निदान कळायचं की दादा आहे, काहीतरी करतोय. आता तेही नाही. मेसेज नाही, तक्रार नाही. रविवारी मी फोन केला, बोलले, ठेवला. 'ठीक.' माझं बोलणंसुद्धा आटत चाललं होतं. बोलायला होतं काय? दातांच्या डॉक्टरणीला आणखी दात चढवून हवे होते.

असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी फोन वाजला. दादा.

दादा कधी फोन करत नाही. वर्षभरात एकदाही नाही. पडला की काय, शेजाऱ्याने लावला की काय. मी उचलला.

"हॅलो? दादा? काय झालं?"

पलीकडे श्वासाचा आवाज. मग हवा गिळल्याचा. मग तो आवाज सुरू झाला, पोटातून ओढत आणलेला, तुटक. खूप वेळ चालला. मधे थांबला, परत हवा गिळली, परत. वाक्य होतं! दादा वाक्य बोलत होता. आणि मला त्यातलं काहीच कळलं नाही. एक अक्षर नाही. खाली यंत्र घरघरत होतं, मी दुसरा कान बोटाने दाबून धरला, तरी नाही.

तो थांबला. त्याला धाप लागली होती. त्याने किती दिवस या वाक्यावर घालवले असतील, हे मला दिसत होतं. त्याला 'कळलं नाही' कसं सांगू?

"हो," मी म्हणाले. "हो, दादा."

पलीकडे शांत. मी म्हटलं, हॅलो. उत्तर नाही. फोन चालू होता, मी स्क्रीन बघितली. "दादा, आहेस ना?" काही नाही. त्याला राग आला असेल. कट करायच्या बेतात असेल. मी नुसती थांबले, आणि मग लक्षात आलं की त्याने टाइप केलंय आणि सर्व्हर उठतोय. मीच घेतलेला, झोपणारा. त्या अर्ध्या मिनिटात मी काय काय देवाला बोलले असेन, ते सांगत नाही.

मग घोषणेचा आवाज आला. "हो काय?"

"अं?"

"मी काय विचारलं?"

"नाही कळलं रे."

"मग हो कशाला म्हणालीस?" टाइप करायचा टकटक आवाज मला फोनमधून ऐकू येत होता. "दुकानदार हो म्हणतो. गॅरेजवाला हो म्हणतो. डॉक्टरसुद्धा हो म्हणतो. सगळे हो म्हणतात आणि निघून जातात. तू तरी म्हणू नकोस."

मी डोळे पुसले, उठले, खिडकी लावून घेतली, लाँड्रीचा आवाज तेवढा तरी कमी झाला.

"नाही म्हणणार. परत सांग. मशीन ठेव बाजूला, तोंडाने सांग."

त्याने परत सांगितलं. नाही कळलं, मी म्हणाले. परत. नाही. "डबा?" मी विचारलं. त्याने फोनवर फूं केलं, म्हणजे नाही. "गोळी? गोळ्या संपल्या?" परत फूं. तो चिडला, थांबला, पाणी प्यायला, तेही मी ऐकलं. मग एकेक तुकडा वेगळा करून म्हणायला लागला. मी त्याच्यामागून म्हणायला लागले, चुकीचं म्हणायचे, तो परत म्हणायचा. शेवटी 'क' पकडला. मग 'कधी'. कधी, बरोबर? पलीकडून बोटाने टकटक, बरोबर. पुढे त होता, आणि स होता, इतका फिकट की फोनची खरखरच वाटावा.

"कधी... येतेस?" मी म्हणाले.

टकटक.

कधी येतेस, एवढंच विचारत होता तो. आणि मी आपली हो म्हणून मोकळी झाले होते.